दीर्घिकांचे मीलन, केंद्रीय कृष्णविवरे आणि खोडदची रेडिओ दुर्बीण : एक ऐतिहासिक मागोवा

प्रस्तावना

गडचिरोली जिल्ह्यातील हेमलकसा परिसरात हिवाळ्यातील काळोख्या रात्री दोन दीर्घिका नुसत्या डोळ्यांनी पाहता येतात. एक आपली आकाशगंगा. दुसरी सुमारे २५ लाख प्रकाशवर्षे दूरची देवयानी. दोन्ही एकाच स्थानिक समूहातील असून दोहोंच्या केंद्रस्थानी महाकाय कृष्णविवर आहे. आकाशगंगेतील कृष्णविवराचे वस्तुमान सूर्याच्या सुमारे ४० लाख पट आहे. अशा दीर्घिका विलीन झाल्यास त्यांच्या कृष्णविवरांचे काय होते, या प्रश्नाच्या शोधात महाराष्ट्रातील एका खेड्याचाही वाटा आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

काही दीर्घिकांना दिसणाऱ्या लांब शेपट्या व त्यांना जोडणारे पूल हे परस्पर गुरुत्वाकर्षणाचे फलित होय, असे टूमरे बंधूंनी १९७२ मध्ये संगणकाच्या साहाय्याने दाखवून दिले. १९८० मध्ये बेगेलमन, ब्लँडफोर्ड व रीस यांनी पुढचा टप्पा मांडला : विलीन दीर्घिकांची कृष्णविवरे नव्या केंद्राकडे सरकून परस्परांभोवती फिरू लागतात. ही क्रिया कोट्यवधी वर्षे चालते. मात्र अशा जोड्यांतून निघणाऱ्या गुरुत्वीय लहरी स्पंदक ताऱ्यांच्या नियमित रेडिओ स्पंदांत सूक्ष्म फरक घडवितात. तो फरक टिपण्यासाठी वर्षानुवर्षांच्या नोंदी लागतात.

खोडदचे योगदान

पुणे जिल्ह्यात नारायणगावजवळ खोडद येथे टाटा मूलभूत संशोधन संस्थेने गोपाल स्वरूप यांच्या नेतृत्वाखाली प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेनांची दुर्बीण उभारली. भरीव पत्र्याऐवजी पोलादी तारांची जाळी ताणून बसविल्याने वजन व खर्च दोन्ही घटले. २००२ पासून ती जगभरातील संशोधकांना खुली झाली. स्पंदकांचे स्पंद आंतरतारकीय विद्युतभारित वायूतून येताना विलंबित होतात आणि कमी वारंवारितेवर हा विलंब अधिक ठळक दिसतो. तो अचूक मोजण्यास खोडदच्या नोंदी विशेष उपयुक्त ठरल्या. २९ जून २०२३ रोजी युरोपीय गटाने आणि भारत-जपानमधील शास्त्रज्ञांच्या गटाने २५ स्पंदकांच्या नोंदींतून अशा लहरींचा पुरावा जाहीर केला. यांतील सर्वांत दीर्घ नोंदी सुमारे २५ वर्षांच्या होत्या.

निष्कर्ष

हा पुरावा निर्णायक शोधाच्या सांख्यिकीय कसोटीपर्यंत पोहोचला नव्हता. लहरींचा उगम कृष्णविवरांच्या जोड्यांतच आहे, हेही त्यातून सिद्ध झाले नाही. तथापि गोपाल स्वरूप २०२० मध्ये निवर्तले आणि निकाल त्यानंतर तीन वर्षांनी आला, ही बाब लक्षणीय आहे. अशा विज्ञानात उपकरण उभारणारी, नोंदी ठेवणारी व निष्कर्ष काढणारी माणसे बहुधा वेगवेगळ्या पिढ्यांतील असतात. म्हणूनच तात्काळ फळ न देणाऱ्या निरीक्षणांचे सातत्य टिकविणे, ही संशोधनसंस्थांची मूलभूत जबाबदारी ठरते.