क्यासनूरच्या रानातला ताप

१९५७ सालच्या मार्च महिन्यात पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राकडे एक चिंताजनक वार्ता आली. तेव्हाच्या म्हैसूर राज्यातील शिमोगा जिल्ह्यात, सागर-सोरब भागाच्या रानांत माकडे मरून पडत होती आणि भोवतालच्या खेड्यांतील माणसे कडक तापाने अंथरूण धरीत होती. डोके ठणके, अंग मोडून येई, काहींच्या नाकातोंडातून रक्त जाई. माकडांचे मरण आणि माणसांचा ताप यांचा संबंध गावकऱ्यांनी केव्हाच ओळखला होता. त्यांनी या दुखण्याला कन्नडमध्ये ‘मंगन कायिले’, म्हणजे माकडरोग, असे नावही देऊन टाकले होते.

शास्त्रज्ञांच्या पोटात गोळा आला तो मात्र वेगळ्याच कारणाने. दक्षिण अमेरिकेच्या अरण्यांत माकडे मरू लागली की पाठोपाठ पीतज्वर येतो, हा अनुभव होता. पीतज्वर भारतात कधीच नव्हता. पण तो पसरविणारा डास आपल्या गावोगावी आहे. तो रोग येथे एकदा शिरला असता तर केवढा अनर्थ ओढवला असता, याची कल्पनाच केलेली बरी.

हे केंद्र १९५२ साली भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि रॉकफेलर प्रतिष्ठान यांनी मिळून स्थापन केले होते, आणि तेही डास-गोचिडांसारख्या जीवांमार्फत पसरणाऱ्या विषाणूंच्या अभ्यासासाठीच. त्याचे तत्कालीन संचालक डॉ. टेलफोर्ड वर्क सहकाऱ्यांसह रानात गेले. मेलेल्या माकडांचे अवयव, रुग्णांचे रक्त, डास, गोचीड असे सारे गोळा करून प्रयोगशाळेत आणले गेले. विषाणू हाती लागला; परंतु तो पीतज्वराचा नव्हता. त्याचे नाते निघाले थेट रशियाच्या रानांतील, गोचिडांमुळे होणाऱ्या मेंदूज्वराशी! ज्या रानातील माकडात तो सापडला, त्या क्यासनूरचेच नाव रोगाला मिळाले.

गुन्हेगार डास नसून गोचीड ठरला, तरी खरे कोडे पुढेच होते. या गोचिडाच्या आयुष्यात तीन अवस्था आणि तीन यजमान असतात. सहा पायांची बारीक पिले उंदीर, चिचुंद्री, पाखरे यांचे रक्त पितात. आठ पायांची अर्भकावस्था माकडांना व माणसांना चावते. आणि पूर्ण वाढलेली गोचीड गाईगुरांसारख्या मोठ्या जनावरांवर पोसली जाते. पीतज्वराच्या संशोधनात मुरलेले कोलंबियाचे डॉ. होर्हे बोशेल यांनी पुढे या रानाचा बारकाईने अभ्यास केला आणि १९६९ साली आपले निष्कर्ष मांडले. जंगल तोडून शेती वाढली, गुरे रानात चरू लागली, गोचिडांना खाद्य मिळाले. आणि रानात मुकाट्याने नांदणारा विषाणू माणसाच्या वाटेत आला, असा त्यांचा रोख होता.

या ज्ञानासाठी मोल मोजावे लागले. प्रयोगशाळेतील कित्येक कार्यकर्त्यांनाही हा ताप आला. रशियन रोगावरील लस प्रथम वापरून पाहिली, ती निरुपयोगी ठरली. नंतर याच विषाणूपासून लस तयार झाली व अनेक वर्षे दिली गेली. पण तिचा प्रभाव अपुरा पडत असल्याने कर्नाटकाने २०२२ साली तिचा वापर थांबविला. खात्रीचे औषधही अद्याप नाही.

आणि हा प्रश्न शिमोग्यापुरताही राहिलेला नाही. २०१५ साली गोव्याच्या सत्तरी तालुक्यात आणि २०१६ साली सिंधुदुर्गातील दोडामार्गाकडे माकडताप उद्भवला. काजूचा हंगाम आणि या गोचिडांच्या अर्भकावस्थेचा सुकाळ एकाच वेळी येतो. म्हणून बोंडे गोळा करणारा, सरपणाला जाणारा, गुरे वळणारा गरीब माणूसच त्याच्या तावडीत प्रथम सापडतो. माणसाकडून माणसाला हा रोग होत नाही, तेव्हा रुग्णाला वाळीत टाकण्याचे काहीच कारण नाही. मेलेल्या माकडाच्या अंगावरची गोचिडे खाली उतरतात आणि ती जागाच धोक्याची होते. म्हणून मेलेले माकड दिसताच त्याला हात न लावता आरोग्य केंद्रास कळवावे, रानात जाताना अंग झाकावे, परतल्यावर गरम पाण्याने स्नान करून कपडे धुवावेत, एवढे आपल्या हाती निश्चित आहे.

शास्त्रज्ञांनी सूक्ष्मदर्शकातून जे सिद्ध केले, त्याची पहिली खूण शिमोग्याच्या खेडुतांनी उघड्या डोळ्यांनी पाहिली होती. रानाकाठच्या माणसाचे म्हणणे वेळीच कानावर घेणे, हाही रोगनिवारणाचाच एक भाग होय.