थ्रेड : जुन्या गोव्यातील फ्लोरेन्स

१/ ‘गोवा दर्शन’च्या बसचा जुन्या गोव्यातील थांबा मोजकाच असतो. गोंदियापासून सिंधुदुर्गापर्यंत कुठूनही आलेला पर्यटक बॉम जीझस बॅसिलिकेत शिरतो, उंचावरील चांदीची पेटी पाहतो, रस्त्यापलीकडचे सी कॅथेड्रल गाठतो आणि बसकडे परततो. ती पेटी ज्यावर विसावली आहे, ते स्मारक मात्र नजरेतून निसटते. ते घडले इटलीतील फ्लोरेन्स नगरात.

२/ सेंट फ्रान्सिस झेवियर ३ डिसेंबर १५५२ रोजी चीनच्या किनाऱ्याजवळील सांचियान बेटावर निवर्तला. त्याचा देह मलाक्कामार्गे १५५४ मध्ये गोव्यास आला. बॉम जीझसचे बांधकाम १५९४ मध्ये सुरू झाले आणि १६०५ मध्ये चर्चचे पवित्रीकरण झाले. भिंती स्थानिक जांभ्याच्या. दर्शनी भागातील काळा दगड वसईहून आणलेला.

३/ चांदीची पेटी १६३६-३७ मधील. मास्त्रिल्ली या नापोलीच्या जेझुइटाने पुढाकार घेतला; काम गोव्यातील चांदी-कारागिरांनी केले. म्हणजे कल्पनेत इटली असली, तरी हात गोमंतकीय होते.

४/ १६८३ च्या नोव्हेंबरात छत्रपती संभाजी महाराजांच्या सैन्याने जुवे बेट घेतले आणि गोवा शहर हादरले. व्हाइसरॉय कोंद द आल्व्होरने झेवियरच्या शवपेटीपाशी आपला राजदंड ठेवून संरक्षणाची याचना केली, असे पोर्तुगीज परंपरा सांगते. पुढे शाहआलमची मोगल फौज कोकणात उतरली आणि मराठ्यांना माघारी फिरावे लागले. भाविकांनी श्रेय ‘गोंयच्या सायबा’ला दिले.

५/ त्यानंतर अवघ्या पंधरा वर्षांनी हे स्मारक गोव्यात उभे राहिले. निमित्त एका उशीचे. झेवियरच्या मस्तकाखालची उशी जेझुइटांनी तोस्कानाचा ग्रँड ड्यूक तिसरा कोसिमो मेदिची यास भेट दिली. त्या भेटीची परतफेड म्हणून त्याने संपूर्ण स्मारकच पाठवण्याचे ठरविले.

६/ काम सोपविले गेले १६८७ पासून दरबारी शिल्पकार असलेल्या जोव्हान्नी बात्तिस्ता फोज्जिनीकडे. रंगीत कठीण दगड कापून, सांध्यास सांधा जुळवून बसविण्याच्या कलेसाठी मेदिचींनी १५८८ मध्येच राजकीय कार्यशाळा स्थापली होती. ताजमहालावरील पच्चीकारी पाहिलेल्यास ही जडावकला परकी वाटणार नाही.

७/ सुटे केलेले भाग समुद्रमार्गे निघाले. सोबत प्लाचिदो राम्पोनी हा कारागीर होता. त्याने प्रवासाची टिपणे लिहून ठेवली. १६९८ मध्ये गोव्यात जोडणी पूर्ण झाली.

८/ स्मारकाची उभारणी टप्प्याटप्प्यांची आहे. खाली रंगीत संगमरवर आणि यशब; मधल्या टप्प्यात चारही बाजूंस एकेक कांस्यफलक. त्यांवर झेवियरच्या जीवनातील प्रसंग कोरलेले असून अखेरचा प्रसंग सांचियानवरील मृत्यूचा आहे. एका जागी उभे राहून चारही फलक दिसणे शक्य नाही. वर पाहणाऱ्यास पेटी दिसते, फोज्जिनी दिसत नाही.

९/ फ्लोरेन्समध्येही त्याच्या वाट्यास असेच येते. तेथील कार्मिने चर्चमध्ये पर्यटक येतात ते मासाच्चोची भित्तिचित्रे पाहण्यास. त्याच चर्चमधील कोर्सिनी प्रार्थनागृहात फोज्जिनीची संगमरवरी शिल्पे आहेत. घाईच्या पर्यटनात प्रत्येक वास्तूस एकच ‘पाहण्याजोगी’ गोष्ट नेमून दिली जाते आणि उरलेले सारे पार्श्वभूमीत जाते.

१०/ या सवयीची किंमत वास्तूही मोजते. पूर्वी बॉम जीझसला गिलावा होता. १९५० च्या दशकात इमारत अधिक ‘प्राचीन’ दिसावी म्हणून तो काढण्यात आला. आज छायाचित्रांत सर्वांना भावणारा तांबडा दर्शनी भाग ही त्याचीच देणगी. परंतु जांभा सच्छिद्र असतो. उघडा पडला की प्रत्येक पावसाळ्यात झिजतो. पुन्हा गिलावा करावा असे म्हटले, तर ‘मूळ रूप’ बिघडेल असा आक्षेप येतो. वास्तविक गिलावा हेच मूळ रूप होते.

११/ जुन्या गोव्यातील चर्च व मठ १९८६ पासून जागतिक वारसायादीत आहेत. इटलीचा धागा तेथे आणखीही सापडतो: इटालियन थिएटाइन पंथीयांनी बांधलेले सेंट कॅजेटनचे चर्च रोमच्या सेंट पीटर्सच्या धर्तीवर आहे आणि सी कॅथेड्रलपासून पायी जाण्याइतके जवळ आहे.

१२/ वेळ थोडाच असेल, तर तीन वास्तू धावत पाहण्याऐवजी बॉम जीझसमध्येच थांबावे. पेटीवरून नजर खाली आणावी, जमेल तितकी बाजू बदलावी आणि कांस्यफलक शोधावेत. बाहेर पडताना भिंतीचा जांभाही जवळून पाहावा. दगड कुठे खडबडीत झाला आहे, ते डोळ्यांना सहज कळते.