ठासणीच्या बंदुकीचा लपलेला गंज

आपल्या बेने इस्राएल घराण्यांत पलटणीतल्या सुभेदार-जमादारांच्या हकिगती पुष्कळ सांगितल्या जातात. पदके, पेन्शनचे कागद, फेटा बांधलेली तसबीर, सर्व काही इकडे येताना जपून आणलेले असते. पण ज्या बंदुकीवर त्या वाडवडिलांचा जीव अवलंबून होता, तिची निगा कशी राखीत, हे कोणी विचारीत नाही. आम्ही जन्मभर हत्यारे उकळली आणि पुसली, ती इस्पितळातली का असेनात. म्हणून आमचे लक्ष तिकडे गेले.

मुंबईत १७९६ साली आपली पहिली मशीद बांधणारे सामुएल इझिकेल दिवेकर यांच्या वेळची बंदूक चकमकीची. पुढे टोपीची आली आणि १८५७ च्या सुमारास १८५३ च्या नमुन्याची एन्फिल्ड रायफल हिंदुस्थानात पोहोचली. तिन्ही ठासणीच्या, म्हणजे दारू व गोळी तोंडातून घालून गजाने ठासायची. चकमकीच्या बंदुकीची नळी विटेच्या पुडीने घासून लखलखीत करीत, आणि साहेब तेवढे पाहून खूष होत. खरी खराबी साहेबाला दिसत नसे.

एन्फिल्डची ३९ इंची नळी अक्रोडाच्या दस्त्यातल्या खाचेत बसवून तीन कड्यांनी आवळलेली असे. धुताना किंवा पावसात पाणी नळी आणि लाकूड यांच्यामध्ये उतरले की तेथेच राहते. लाकूड ते धरून ठेवते. मुंबई-कोकणचा पावसाळा ज्यांनी काढला आहे त्यांना अधिक सांगायला नको. आजही अशी एखादी जुनी बंदूक उघडली तर वरून सुरेख नळी आणि पोटाला देवीच्या व्रणांसारखे खड्डे, असे आढळते. चापाच्या आतली कमान, टोपी बसते त्या बोंडाचे आटे आणि नळीच्या मागच्या बुचाचे आटे, या जागाही तशाच लपलेल्या.

दारूत ७५ भाग सोरा, १५ कोळसा व १० गंधक. तिचा जळका मळ हवेतला ओलावा ओढतो. टोपीतल्या मसाल्यातून तर पोटॅशियम क्लोराइड उरते, जे आपल्या मिठाचेच भावंड. हे क्षार तेलात विरघळत नाहीत, म्हणून आधी पाणी आणि मग तेल! कढत पाणी उत्तम, कारण नळी तापते व लवकर सुकते. मळावर नुसते तेल चोपडणे म्हणजे जखम न धुता पट्टी बांधणे.

नळी वारंवार काढली तर खाच ढिली होते, म्हणून ते काम शिपायाचे नव्हे, पलटणीच्या आर्मररचे. नळी निघाली की तिच्या पोटाला मेण व चरबी यांचा थर द्यायचा, म्हणजे पाण्याला शिरायला वाट उरत नाही. आमच्याकडे चिमट्याच्या सांध्यात पॅराफिनचा थेंब सोडीत आणि इंजेक्शनच्या सुईत बारीक तार घालून ठेवीत, ते याच कारणाने.

चरबी म्हटली की १८५७ आठवते. वाद काडतुसावरच्या चरबीचा होता. डुकराची तर आपणासही वर्ज्यच. त्या जानेवारीत सरकारने शिपायांना आपल्या पसंतीचे मिश्रण लावण्याची मुभा दिली. मेण आणि तेल यांवर काम भागत होते, पण तोवर विश्वास उडाला होता.

आपण शनिवार तेली. तरी गंमत अशी की घाण्याचे तेल चापात फार दिवस ठेवण्याजोगे नाही. ते खवट व चिकट होते, आणि मग घोडा जड पडतो. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ब्रह्मदेशच्या विहिरींतले रंगून तेल आले. ते खनिज असल्यामुळे खवट होत नसे.

१८६६ पासून एन्फिल्ड बंदुकी मागून भरायच्या स्नायडर पद्धतीने बदलल्या जाऊ लागल्या. आता मागचे झाकण उघडून नळी आरपार पाहता येई. पोटाखालचे लाकूड मात्र तसेच राहिले आणि आर्मररचे मेणही.