विचाराशी युद्ध

बुलढाणा जिल्ह्यातील लोणारचे सरोवर पाहावयास पुष्कळ लोक जातात. उल्कापाताने झालेल्या त्या विवराची नवलाई मोठी, आणि दैत्यसूदनाच्या देवळातील कोरीव कामही तसेच प्रेक्षणीय. परंतु श्रोत्यांना त्या काठावर नेण्याचे माझे कारण निराळे आहे. तेराव्या शतकात श्रीचक्रधरस्वामी लोणार व मेहकर या गावी येऊन राहिले होते. लोणार येथे देवगिरीचा यादव राजा कान्हरदेव त्यांच्या भेटीस आला, असे ‘लीळाचरित्र’ सांगते. राजा आणि विरागी यांचा तो प्रसंग सलोख्याचा होता. पुढे मात्र चित्र पालटले.

चक्रधरांनी संन्यासाचा अधिकार स्त्रियांना व शूद्रांना दिला, अनेक दैवतांऐवजी एका परमेश्वराची भक्ती सांगितली, आणि ती सांगितली लोकांच्या मराठीत. त्याच काळी देवगिरीस हेमाद्री पंडित अधिकारारूढ होता. व्रते, दाने, श्राद्धे यांचा ‘चतुर्वर्गचिंतामणि’ हा प्रचंड संग्रह त्याच्या नावावर आहे. दोन्ही विचार एकमेकांच्या मुळावर येणारे होते. हेमाद्री आणि त्याच्या बाजूचे लोक यांनी स्वामींचा छळ केल्याच्या हकीकती पंथाच्या ग्रंथांत आहेत. अखेरीस स्वामी उत्तरापंथे गेले, अशी महानुभावांची श्रद्धा आहे.

आता प्रश्न असा की, समाजास एखाद्या विचाराशी युद्ध करता येते काय? ‘येत नाही’ असे चटकन उत्तर देऊन आपण समाधान मानतो. इतिहास इतका सोयीचा नाही. याच शतकात दक्षिण फ्रान्समध्ये काथार नावाचा पंथ होता. पोप तिसरा इनोसंट याने त्याच्याविरुद्ध धर्मयुद्ध पुकारले. १२०९ साली बेझिए शहरात भयंकर कत्तल झाली. युद्ध १२२९ पर्यंत चालले. मागाहून धर्मन्यायालये बसली. आणि चौदाव्या शतकाच्या पूर्वार्धात तो पंथ नामशेष झाला. आज त्या लोकांविषयी आपणांस जे कळते, ते बहुतांशी त्यांच्या वैऱ्यांनी लिहून ठेवलेल्या जबान्यांवरून. तेव्हा युद्ध जिंकता येते. परंतु ते माणसे संपवून जिंकावे लागते, आणि ज्यांचा पराभव केला त्यांचे म्हणणे तरी काय होते, हे विजेत्यांच्या वंशजांसही धड कळत नाही.

आपल्याकडे निराळे घडले. म्हाइंभटाने इ. स. १२७८ च्या सुमारास, म्हणजे ‘ज्ञानेश्वरी’च्याही आधी, ऋद्धिपूर येथे ‘लीळाचरित्र’ सिद्ध केले. मराठी गद्याचा तो आद्य ग्रंथ. पुढे राज्य बुडाले, धामधूम माजली, आणि पंथाने आपले ग्रंथ सांकेतिक लिप्यांत लिहिण्यास आरंभ केला. ‘सकळ’ लिपीत एका अक्षराच्या जागी दुसरे अक्षर घालीत. किल्ली ठाऊक नसणाऱ्यास तो मजकूर निरर्थक वाटे. विचार जगला, पंजाबात ‘जयकृष्णी’ या नावाने पसरून काबूलपर्यंतही गेला. परंतु जो विचार सर्वांना कळावा म्हणून मराठीत आला होता, तोच मराठी माणसास वाचता येईना. इकडे समाजाने आपले पहिले गद्य सुमारे सहा शतके गमावले. न वाचलेल्या ग्रंथांविषयी प्रवाद मात्र वाढत गेले. ‘महानुभाव’ म्हणजे थोर अनुभवाचा. त्याचा अपभ्रंश ‘मानभाव’, आणि त्यावरून ‘मानभावी’ म्हणजे ढोंगी! तो शब्द आपल्या घरांत अजूनही सहज बोलला जातो.

हे कुलूप कोणत्याही फौजेने उघडले नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी राजवाडे, भावे यांच्यासारख्या संशोधकांनी लिप्यांचा उलगडा केला. पंथातील काही महंतांनीही पोथ्या दाखविण्याचे औदार्य केले. याच बुलढाणा जिल्ह्यात, मलकापूर तालुक्यातील नरवेल येथे, १९०८ साली जन्मलेले डॉ. विष्णु भिकाजी कोलते यांनी आपले आयुष्य या वाङ्मयास वाहिले. त्यांनी संपादिलेले ‘लीळाचरित्र’ १९७८ साली प्रसिद्ध झाले. त्यातील काही मजकुरास पंथीयांनी हरकत घेतली आणि वाद न्यायालयात गेला. वाद झाला याचे वाईट वाटावयास नको. दोन्ही पक्षांच्या हाती उघडा ग्रंथ होता, ही सहाशे वर्षांनंतरची केवढी प्रगती!

कोणताच विचार घातक नसतो, असे माझे म्हणणे नाही. विचाराच्या नावाखाली कोणी हिंसा करील, तर त्या कृत्याचे शासन कायद्याने केलेच पाहिजे. परंतु विचाराचे खंडन करावयाचे तर आधी तो वाचावा लागतो, आणि वाचावयाचा तर तो उजेडात असावा लागतो. शस्त्र उगारले की तो मरतो तरी, नाही तर लपतो तरी. दोन्ही परींनी त्यास उत्तर देण्याची संधी आपण घालवून बसतो.

ज्या ऋद्धिपुरात ‘लीळाचरित्र’ लिहिले गेले, तेथेच २०२४ साली मराठी भाषा विद्यापीठाचे काम सुरू झाले. विद्यापीठे आपले काम करतील. आपल्या घरापुरते आपण एवढे करू शकतो: पुढच्या खेपेस ‘मानभावी’ हा शब्द ओठांवर आला, तर तो कोणत्या युद्धातून आपल्यापर्यंत आला, याचे क्षणभर स्मरण करावे.