बुडीत लाकूड, वाद्यनिर्मितीतील

जलाशयांच्या तळाशी दीर्घकाळ पडून राहिलेले ओंडके वर काढून त्यांपासून वाद्ये घडवतात. याचे ठळक उदाहरण अमेरिका-कॅनडा सीमेवरील लेक सुपीरियर हे सरोवर. १९व्या शतकाच्या उत्तरार्धात त्याच्या काठच्या अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यातली जंगले तोडली गेली आणि ओंडके पाण्यातून लाकूड गिरण्यांकडे वाहून नेले गेले. पाइन सहसा तरंगे. मॅपल, बर्च, ओक अशी जड लाकडे मात्र वाटेतच तळ गाठत. १९९०च्या दशकात विस्कॉन्सिनमधील, सरोवरकाठच्या ॲशलंड परिसरात ते ओंडके गोताखोरांच्या मदतीने काढण्याचा उद्योग उभा राहिला.

थंड, गोड्या पाण्यात लाकूड पोखरणारे सागरी किडे नसतात. पाण्याने गच्च भरलेल्या लाकडात प्राणवायू कमी असल्याने कुजवणारी बुरशीही फोफावत नाही. काही ओंडक्यांच्या टोकांवर हातोड्याने ठोकलेली मालकीची ठसठशीत मोहोर आजही वाचता येते. खरे मोल वाढवलयांत आहे: दाट सावलीत सावकाश वाढलेल्या झाडांची वलये अगदी जवळजवळ असतात. असे खोड आजच्या लागवडीच्या जंगलात दुर्मीळ आहे. वर काढलेले लाकूड घाईने वाळवल्यास तडकते.

पाण्यात राहिल्याने नाद सुधारतो हा दावा सिद्ध झालेला नाही. जीवाणू पेशींमधील सूक्ष्म छिद्रांची पटले खातात, त्यामुळे लाकूड अधिक पारगम्य होते, एवढे निश्चित. जीवरसायनशास्त्रज्ञ जोसेफ नाजव्हारी यांनी प्रथम जुन्या इटालियन व्हायोलिनांच्या नादाचा संबंध भिजलेल्या लाकडाशी लावला. २००६ मध्ये ‘नेचर’मधील लेखात मात्र त्यांनी लाकडावरील रासायनिक प्रक्रियेचा पुरावा मांडला.