आपल्या परड्याचा इतिहास



आपल्या नाटे गावाचा इतिहास सांगायला कोणी बसले की प्रथम यशवंतगडाचे नाव निघते. मग जैतापूरच्या खाडीचे, आणि त्या खाडीतून राजापूर बंदरापर्यंत जाणाऱ्या गलबतांचे. ते योग्यच आहे. परंतु गडावरच्या शिपायाला आणि गलबतावरच्या तांडेलाला भाजी कोठून मिळाली, खोकला झाला तेव्हा काढा कोणी दिला, हे कोणी विचारीत नाही. त्याचे उत्तर घरामागच्या परड्यात आहे. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. मी काही इतिहासाची पंडिता नव्हे. तरी वाचून आणि वडीलधाऱ्या बायकांकडून ऐकून जे कळले, ते आपल्या मंडळाच्या या स्मरणिकेत मांडते.

परड्यात उभे राहून सभोवार पाहावे. मिरची, लाल भोपळा, रताळे, पपई, पेरू, अननस, काजू ही सारी आपल्याला घरची वाटतात. पण यांतले एकही मुळात आपल्या देशाचे नाही. वास्को द गामा १४९८ साली कालिकतच्या किनाऱ्यास लागला. त्यानंतर पोर्तुगीजांच्या जहाजांतून ही झाडे अमेरिका खंडातून इकडे आली. मिरची येण्यापूर्वी आपल्या कालवणाला तिखटपणा होता तो मिरी, पिंपळी आणि आल्याचा. मिरीसारखी तिखट म्हणून ती मिरची झाली. याउलट हळद, आले, तुळस, अडुळसा, कोकम ही आपल्याकडची जुनी मंडळी. नव्या पाहुण्याला जुन्यांच्या शेजारी जागा द्यायची की नाही, हे कोणा राजाने फर्मान काढून ठरवले नाही. ते कोणा बाईने चुलीवर शिजवून आणि घरच्यांना वाढून ठरवले असणार. तिचे नाव मात्र कोठे लागत नाही.

नावे का लागत नाहीत, याची दोन उदाहरणे सांगते. गार्सिया द ऑर्ता नावाचा एक पोर्तुगीज वैद्य १५३४ साली गोव्यास आला. इकडच्या औषधी झाडांवर त्याने संवादरूपाने मोठे पुस्तक लिहिले. ते १५६३ साली गोव्यातच छापले गेले. त्यात हळद आहे, आपले कोकमही आहे. त्या पुस्तकात अँतोनिया नावाची एक दासी आहे. मालकाने हाक मारली की ती झाडपाला आणि फळे आणून दाखवते. कोणते झाड कोठे मिळते हे तिला ठाऊक होते. पण तिचे काम आणून देण्याचे, आणि पुस्तकावर नाव मालकाचे.

दुसरे उदाहरण कोचीचे. तेथील डच अधिकारी व्हान रीड याने मलबारातील वनस्पतींवर बारा खंडांचा ग्रंथ करविला. तो १६७८ ते १६९३ या काळात ॲम्स्टरडॅमला छापून झाला. या कामी इट्टी अच्युदन हा मल्याळी वैद्य होता. त्याचबरोबर रंगभट, विनायक पंडित आणि अपूभट हे तीन कोंकणी वैद्यही होते. त्या तिघांनी १६७५ साली आपल्या सहीनिशी नागरी लिपीत दाखला लिहून दिला, आणि तो ग्रंथात छापला आहे. म्हणून साडेतीनशे वर्षांनंतरही त्यांची नावे आपल्याला सांगता येतात. ज्यांनी सही केली ते राहिले. ज्यांनी नुसते सांगितले ते गेले.

आता आपल्या आयाआज्यांनी काय सांगितले ते पाहू. त्यांचे पंचांग नक्षत्रांचे होते. आपल्या जिल्ह्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, आणि तो बहुतेक चार महिन्यांत. शिवाय आपला सडा कातळाचा. म्हणून येथले परडे देशावरच्यासारखे करून चालत नाही. जेथे माती नाही तेथे चार चिरे रचून चौकोन करावा आणि त्यात माती, शेणखत व कुजलेला पाला भरावा. रोहिणीत, म्हणजे मेच्या अखेरीस, हळदीचे गड्डे लावावेत. ते वरंब्यावरच लावावेत, नाहीतर पाणी साचून कुजतात. मृगाचा पाऊस झाला की पडवळ, दोडके आणि काकडीचे बी टोचून वर मांडव घालावा. गणपतीपर्यंत मांडव भरतो, आणि पातोळ्यांना हळदीची पानेही तयार असतात. भात कापून झाले की दिवाळीच्या सुमारास माठ, मुळा, वांगी, वाल. न्हाणीच्या पाण्यावर केळ आणि अळू. वैशाखात रातांबे पिकले की सोले वाळवावीत आणि मृगापूर्वी बरणीत भरावीत. पानांनी माना टाकल्या की, साधारण आठ-नऊ महिन्यांनी, हळद खणावी.

ज्या नवीन सुनांनी अजून काहीच लावलेले नाही, त्यांनी पाचच झाडे धरावीत. तुळस मंजिरीच्या बियांपासून येते. गवती चहाचा एक ठोंब शेजारणीकडून आणावा. पानओव्याची आणि अडुळशाची फांदी पावसाळ्यात खोचली की जगते. अडुळशाला गुरे तोंड लावीत नाहीत, म्हणून तो कुंपणालाही चांगला. पाचवी हळद. एवढ्यावर घरातले साधे सर्दीपडसे, कापलेखरचटलेले आणि पावसाळ्यातला जडपणा यांची सोय होते. पावसाळ्यात अन्न जड पडते, म्हणून सुंठ, आले, ओवा. उन्हाळ्यात कोकमाचे सरबत. अंगावर पित्त उठले की आमसुलाचे पाणी लावायचे. कोणत्या ऋतूत काय खावे आणि काय टाळावे, हे त्या बायकांनी स्वयंपाकातच बसवून टाकले होते. वेगळे औषध म्हणून ते कोणाला घ्यावे लागत नसे.

कोणी म्हणेल, या आजीबाईच्या गोष्टी झाल्या. तर अडुळशाचेच पाहा. त्याच्या पानांत व्हॅसिसीन नावाचे द्रव्य असते. त्याचा अभ्यास करीत शास्त्रज्ञांनी कफ पातळ करणारे ब्रोमहेक्झिन हे औषध तयार केले. डॉक्टरांच्या कितीतरी खोकल्याच्या औषधांत ते असते.

पण जुने ते सारे सोने, असेही मी म्हणणार नाही. गरोदर बाईने अडुळसा पोटात घेऊ नये. धोत्रा आणि कण्हेर ही विषारी झाडे, त्यांचे घरगुती प्रयोग कदापि करू नयेत. मुलाला जुलाब लागले तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालून ते थोडेथोडे पाजावे. मूल मलूल झाले, किंवा शौचातून रक्त पडू लागले, तर पाल्याची वाट न पाहता दवाखाना गाठावा. साप चावल्यास तर मुळी उगाळण्यात एक मिनिटही घालवू नये. विंचवाचेही तसेच. आपल्या कोकणात लाल विंचवाने पूर्वी कितीतरी मुले दगावत. रायगड जिल्ह्यात सरकारी दवाखान्यात काम करता करता डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी प्रत्येक रोग्याची बारकाईने नोंद ठेवली, आणि १९८० नंतरच्या दशकात प्राझोसिन या गोळीचा उपाय जगापुढे ठेवला. त्यामुळे असंख्य जीव वाचले. २०२२ साली सरकारने त्यांना पद्मश्री दिली. खेड्यातल्या दवाखान्यात बसून केलेले टिपण लंडनच्या वैद्यकीय नियतकालिकात छापून आले, ही गोष्ट आपण बायकांनीही लक्षात ठेवण्यासारखी आहे.

आता हळदीची हकिकत. १९९५ साली अमेरिकेतील मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला, जखम भरून येण्यासाठी हळद वापरण्याचे पेटंट मिळाले. जणू हा शोध आताच लागला! आपल्याकडे बोट कापले तर शाळकरी पोरही हळदीच्या डब्याकडे धावते. पण पेटंटच्या कचेरीत "आमची आजी असे करायची" एवढे म्हणून भागत नाही. तेथे लेखी पुरावा लागतो. तेव्हा भारताच्या वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेचे प्रमुख डॉ. रघुनाथ माशेलकर होते, आपल्या शेजारच्या गोव्यातल्या माशेल गावचे. परिषदेने १९९६ साली हरकत घेतली. संस्कृत, हिंदी, उर्दू ग्रंथांतील आणि नियतकालिकांतील बत्तीस जुने दाखले काढले. त्यांत १९५३ साली छापलेला एक वैद्यकीय लेखही होता. ऑगस्ट १९९७ मध्ये ते पेटंट रद्द झाले. पुढे २००१ पासून सरकारने पारंपरिक ज्ञानाचे मोठे संग्रहालयच संगणकावर तयार करायला घेतले.

हळद वाचली ती लिहिलेल्या कागदामुळे. शंकर दाजीशास्त्री पदे यांच्यासारख्यांनी 'आर्यभिषक्' मराठीत लिहून ठेवले, म्हणून ते ज्ञान घरोघर टिकले. परंतु जे केवळ आपल्या आळीपुरते, आपल्या कातळापुरते आहे, ते कोणत्या ग्रंथात सापडणार? आमच्या वाडीत एक आजी होत्या. पहिल्या पावसानंतर सड्यावर उगवणारी कोणती भाजी आधी उकडून पाणी टाकायची आणि कोणती तशीच परतायची, हे त्यांना न बघता, वासावरून कळे. त्या गेल्या. आता त्या भाज्यांकडे पाहत आम्ही चौघी उभ्या राहतो आणि खात्री नसल्याने हात न लावता घरी येतो.

म्हणून आपल्या मंडळाने एक जाड वही करावी, अशी माझी सूचना आहे. प्रत्येक झाडाला एक पान. त्यावर आपल्या गावातले नाव, कोणत्या नक्षत्रात लावायचे, कोणता भाग कशाला वापरतात, किती प्रमाणात, आणि कोणाला देऊ नये, हे लिहावे. कोणी किती दिवसांत बरे झाले आणि कोणाला उतार पडला नाही, तेही लिहावे. आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांना वही वर्षातून एकदा दाखवावी. ज्यांना लिहिता येत नाही त्यांनी सांगावे आणि शाळेतल्या मुलींनी लिहावे. पहिले पान हळदीचे असावे. आणि प्रत्येक पानाच्या तळाशी सांगणारीचे पूर्ण नाव व तारीख न चुकता घालावी.