चुकांचा माग

दिवाळीच्या फराळाबरोबर यंत्रांच्या चुकांचा इतिहास वाढणे काहींना विचित्र वाटेल. पण वह्या तपासण्यात निम्मी हयात घालवलेल्या माझ्यासारख्या शाळामास्तराला तो घरचाच वाटतो.

६ मे १९४९ रोजी केंब्रिजमध्ये ‘एड्सॅक’ या संगणकाने वर्गसंख्यांचे कोष्टक छापून दाखवले. पुढच्याच महिन्यात त्याचे कर्ते मॉरिस विल्क्स यांना जिन्याच्या वळणावर उमगले, की आपल्या उरलेल्या आयुष्याचा बराच भाग आपल्याच आज्ञावल्यांतील चुका शोधण्यात जाणार! १९५१ मध्ये त्यांचे सहकारी स्टॅन्ली गिल यांनी या चुकांच्या निदानावर निबंधच लिहिला.

पुढे या कामासाठी ‘डीबगर’ नावाची साधने निघाली. त्यांची युक्ती मोठी मौजेची. इंटेलच्या १९७८ च्या ८०८६ प्रोसेसरमध्ये एकाच बाइटची ‘थांब’ अशी आज्ञा आहे. डीबगर हव्या त्या जागेवरचा मूळ बाइट जपून ठेवतो नि तिथे ही आज्ञा बसवतो. आज्ञावली थबकली, की तिची स्मृती न्याहाळायची. मग मूळ बाइट परत ठेवून तिला एक पाऊल टाकू द्यायचे नि पुन्हा पहारा बसवायचा.

दुसरा पहारा दाराशी. फाइल उघडणे असो की जास्त मेमरी मिळवणे असो, आज्ञावलीला कर्नलकडे अर्ज करावा लागतो; हाच ‘सिस्टिम कॉल’. युनिक्सच्या १९७५ च्या सहाव्या आवृत्तीत ‘पीट्रेस’ आले. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८६ मध्ये लिहिलेला ‘जीडीबी’ आज लिनक्सवर त्याच्याच आधारे प्रत्येक अर्ज दोनदा अडवू शकतो : जाताना नि उत्तर घेऊन परतताना.

खरी कसोटी मात्र आवराआवरीची. ‘फोर्क’ या अर्जाने आज्ञावली आपलीच प्रत जन्माला घालते, आणि पेरलेल्या ‘थांब’ आज्ञाही त्या लेकराच्या स्मृतीत उतरतात. डीबगरने त्या पुसल्या नाहीत आणि लेकरावर लक्षही ठेवले नाही, तर ते तिथे अडखळते. संकेत झेलायला कोणी नसते, नि कर्नल त्याला संपवतो. दोष त्याचा नाही, तपासनिसाचा!

यात क्रमही सांभाळावा लागतो. आधी मूळ बाइट जागेवर, मगच आपल्या वहीतली नोंद पुसून मेमरी मोकळी करायची. नोंदच आधी गेली, तर मूळ बाइट आणणार कोठून?

मुलांच्या वह्यांत आमची तांबडी शाई राहून जाते, नि ते चालतेही. या तपासनिसाला तेवढीही मुभा नाही.